मसाल्यातील बुरशी: औषधापेक्षा ऊन बरे

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाले विक्रीतून मागे घ्यायला लावले. त्यांत इथिलीन ऑक्साइड आढळले होते. हा वायू बुरशी व जिवाणू मारतो. पण तो स्वतःच कर्करोगकारक आहे आणि भारतात अन्नपदार्थांवर वापरण्यास त्याला परवानगी नाही. चर्चा वायूची झाली. तो वापरण्याची वेळ का येते, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

मिरची, धणे, हळद, जायफळ नीट वाळले नाहीत, की त्यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते. तिच्या काही प्रकारांपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. हेपॅटायटिस बीचा संसर्ग असलेल्यांमध्ये हा धोका अनेक पटींनी वाढतो. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. मसाला चिमूटभरच पोटात जातो, त्यामुळे तसा उद्रेक होणार नाही. पण तो रोज, आयुष्यभर जातो.

मुख्य अडचण अशी, की बुरशी मेली तरी तिने आधी तयार केलेले विष उरते. वाफ दिली किंवा गॅमा किरण सोडले, तरी त्याचा पूर्ण नायनाट होत नाही. नवी मुंबईत वाशीला मसाल्यांसाठी किरणोत्सर्ग प्रक्रिया केंद्र २००० पासून आहे. जंतू मारण्यासाठी ते उपयुक्त आहे. पण खराब झालेला माल चांगला करणे कोणत्याच यंत्राला जमत नाही. घरी भाजण्याने किंवा फोडणीनेही हे विष जात नाही.

म्हणून खरा उपाय शेतात आणि गोदामात आहे. मिरचीतील ओलावा ११ टक्क्यांच्या आणि धण्यातील ९ टक्क्यांच्या आत हवा. मिरची मातीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवावी, रात्री दवापासून झाकावी. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नयेत. वजन वाढावे म्हणून मालावर पाणी मारणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच. भारतात मसाल्यांसाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघात मिरची, हळद, मिऱ्यासाठी ती १० आहे. परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी होते, तशीच गावच्या बाजारातील मालाची नियमित व्हायला हवी.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करणाऱ्या घरांनी अख्खी मिरची घ्यावी. दळल्यावर खराब मिरची ओळखू येत नाही. काही मिरच्या मोडून पाहाव्यात. आत पांढरट किंवा काळपट तंतू दिसले, तर ती मिरची घेऊ नये. कडक उन्हात वाळवूनच मसाला कांडावा. बरणी कोरडी असावी, चमचाही. पावसाळ्यात मसाल्याला कुबट वास आला किंवा गुठळ्यांवर बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेला वापरू नये. सगळाच टाकावा.