साडेचार तास आणि एक जुडी

आमच्या घरात स्वस्थ बसलेलं माणूस कोणाला बघवत नाही, हे या सदरात पूर्वी लिहून झालंय. (त्यानंतर घरात काय झालं, ते लिहिलेलं नाही.) या आठवड्यात सापडली माझी नववीतली भाची. सुट्टीला आली आणि सकाळपासून झोपाळ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मांडीवर वही, वहीत एक वर्तुळ, त्यात एक त्रिकोण. बाकी पान कोरं.

‘‘बरं वाटत नाही का गं?’’ सौ.

‘‘गणित करतेय, मामी.’’

‘‘मग पेन कुठाय?’’

पेन केसांत खोचलेलं होतं.

पोरीला गणित ऑलिंपियाडचं वेड. देशागणिक सहा पोरं, दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीन प्रश्न. प्रश्नाला 7 गुण, एकूण 42. आपल्याकडचा कारभार मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे. 1996 साली ही स्पर्धा मुंबईत भरली होती. 2024 मध्ये इंग्लंडातल्या बाथला आपल्या सहांपैकी चौघांनी सुवर्ण आणलं, देश चौथा आला.

म्हणजे एका प्रश्नाला दीड तास! आम्ही तीन तासांत पुरवण्यांवर पुरवण्या बांधल्या आणि काठावर सुटलो. पण दीड तास गप्प बसायला घर कुठलं मिळतं हो? मी घड्याळ लावून मोजलं. पहिल्या अकरा मिनिटांत इस्त्रीवाला, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि ‘सध्या कितवीत?’ विचारणाऱ्या शेजारच्या काकू. बाराव्या मिनिटाला सौ. म्हणाली, ‘‘नुसतीच बसलीयेस, तर कोथिंबीर तरी घेऊन ये.’’

कोथिंबीर! एके काळी भाजी घेतली की भाजीवाली मूठभर वरून टाकायची, मागावीसुद्धा लागायची नाही. आता मागितली तर ती आपल्याकडे अशी बघते, जणू गळ्यातली पोत मागितली. वरचा मसाला गेला, वरचं मापही गेलं. असो.

पोरगी अर्ध्या तासानं आली, मेथी घेऊन. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी प्रश्न सुटला म्हणे, पुढचं काही आठवत नाही.

‘‘बघा! मी पाठवलं म्हणून सुटला,’’ सौ. म्हणाली आणि मेथी माझ्यापुढे ठेवली. मीही नुसताच बसलो होतो ना.

निवडायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात मला कोणी एक हाक मारली नाही.