जुन्या तेलविहिरी आणि वाढीव पिंपाचा हिशेब

खनिज तेलाच्या आयातीचा प्रश्न संसदेत निघाला की, सरकार कोणत्याही पक्षाचे असो, उत्तराचा साचा ठरलेला असतो. नव्या क्षेत्रांचे लिलाव, खोल समुद्रातील शोध आणि जुन्या क्षेत्रांतून उत्पादनवाढ ही त्यातील तीन कलमे. पहिल्या दोहोंना मथळे मिळतात, तिसरे दुर्लक्षित राहते. वास्तविक देशांतर्गत उत्पादनाचा मोठा भार जुन्या विहिरींवरच आहे. मार्च 2015 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 77 टक्क्यांवर असलेले आयातीवरील अवलंबित्व 2022 पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणण्याचे आवाहन केले होते. 2024-25 मध्ये ते 88 टक्क्यांच्या घरात पोहोचले. मागणी वाढली हे त्याचे एक कारण, विहिरी थकल्या हे दुसरे.

थकलेल्या विहिरींतून तेल काढण्याचा उद्योग एखाद्या नगरपालिकेने करावा, ही कल्पना आपल्याकडे विचित्र वाटेल. कॅलिफोर्नियातील लाँग बीच हे शहर मात्र कित्येक दशके नेमके तेच करीत आले आहे. तेथील विल्मिंग्टन तेलक्षेत्राचा शोध 1932 चा. बंदरालगतच्या क्षेत्राचे व्यवस्थापन शहराकडे आहे. प्रत्यक्ष काम कंत्राटदार कंपनी करते. परंतु कोणत्या विहिरीत कोणता पंप बसवायचा, किती पाणी सोडायचे, यंत्रसामग्रीवर किती खर्च करायचा, याचा वार्षिक आराखडा शहराला राज्याच्या भूमी आयोगापुढे मांडावा लागतो.

जुन्या विहिरीचे गणित समजून घेतले पाहिजे. प्रारंभी भूगर्भातील दाबानेच तेल वर येते. तो दाब ओसरला की पाणी सोडून दाब टिकवावा लागतो आणि विहिरीत खोलवर विजेचे पंप उतरवावे लागतात. लाँग बीचला हा धडा महागात पडला. बेसुमार उपशामुळे बंदर परिसरातील जमीन काही ठिकाणी जवळपास 29 फूट खचली. 1950 च्या दशकात पाणी सोडण्यास सुरुवात झाली आणि पुढच्या दशकात खचणे थांबले. त्याच पाण्याने खडकात अडकलेले तेलही विहिरीकडे ढकलले. आज तेथील विहिरींतून जो द्रव वर येतो, त्यात तेल नाममात्र आणि पाणीच बहुतांश असते. म्हणजेच प्रत्येक पिंपामागे विजेचा आणि दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. नवे पंप ही घसरण मंदावतात, उलटवत नाहीत. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली गेला, तेव्हा तेलाच्या उत्पन्नावर खर्च बेतणाऱ्या शहराचे काय होते, हेही दिसले.

आपल्या दृष्टीने यातील महत्त्वाचा भाग यंत्रांचा नसून मालकीचा आहे. कॅलिफोर्नियाने 1911 मध्ये किनाऱ्यालगतची जमीन शहराकडे विश्वस्त या नात्याने सोपवली. पुढे तिच्याखाली तेल सापडले आणि वाद पेटला. 1947 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यापलीकडच्या समुद्रतळावर संघराज्याचा वरचष्मा मान्य केला. 1953 मध्ये काँग्रेसने कायदा करून साधारणपणे तीन सागरी मैलांपर्यंतचा हक्क राज्यांना बहाल केला. शहर आणि राज्य यांच्यातील वाटणीचा तंटाही न्यायालयात गेला आणि 1964 च्या कायद्याने उत्पन्नाचा मोठा वाटा राज्याकडे गेला. भांडणे झाली, परंतु प्रत्येक भांडणातून एक लेखी हिशेब निघाला.

आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही. राज्यघटनेच्या 297 व्या अनुच्छेदानुसार प्रादेशिक समुद्र, सागरमग्न भूखंडमंच आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील खनिजे केंद्राच्या स्वाधीन आहेत. आसाम वा गुजरातमधील जमिनीवरच्या तेलाचे स्वामित्वधन त्या राज्यांना मिळते. मुंबई हायचे मात्र केंद्राच्या तिजोरीत जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने जुलै 2024 मध्ये खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, तरी समुद्रातील ही व्यवस्था त्याने बदलत नाही. मुंबईच्या वाट्याला अप्रत्यक्षपणे येत असे ती शुद्धीकरण कारखान्यांत जाणाऱ्या कच्च्या तेलावरील जकात. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि तीही संपली. त्याबदली राज्याकडून भरपाई मिळते. पण तेलाशी असलेले महापालिकेचे थेट आर्थिक नाते तुटले.

आणि तरीही या क्षेत्राचे भवितव्य मुंबईला परके नाही. ‘सागर सम्राट’ने 1974 मध्ये मुंबई हायचा शोध लावला, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. मार्च 1985 मध्ये दिवसाला 4 लाख 71 हजार पिंपांचा उच्चांक गाठणारे हे क्षेत्र एप्रिल 2024 मध्ये 1 लाख 34 हजारांवर आले होते. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी या कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. मालकी आणि नियंत्रण ओएनजीसीकडेच राहणार असून, तेल व वायूचे उत्पादन आधाररेषेच्या तुलनेत साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा बीपीचा अंदाज आहे. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या महसुलातील हिस्सा, असे मोबदल्याचे स्वरूप आहे.

खरी मेख आहे ती ‘वाढीव’ या शब्दात. काहीच केले नसते तर उत्पादन किती राहिले असते, हा अंदाज म्हणजे आधाररेषा. ती खाली धरली तर सेवा पुरवठादाराचा लाभ, वर धरली तर ओएनजीसीचा. लाँग बीचनेही 1991 मध्ये कंत्राटदाराशी याच तत्त्वावर करार केला होता: गुंतवणूक कंपनीने करावी आणि मूळ अंदाजापेक्षा अधिक निघालेल्या तेलात वाटा घ्यावा. फरक इतकाच की, तेथे हा करार राज्याच्या कायद्याच्या आधाराने झाला. आपल्याकडे आधाररेषा हा कंपनीच्या निविदेतील तपशील ठरतो आणि लोकप्रतिनिधींच्या नजरेआड राहतो. तेलक्षेत्र (नियमन आणि विकास) कायद्यातील दुरुस्ती राज्यसभेने 3 डिसेंबर 2024 रोजी आणि लोकसभेने 12 मार्च 2025 रोजी मंजूर केली. तुरुंगवासाऐवजी दंड, गुंतवणुकीला स्थैर्य आणि राज्यांच्या हक्कांविषयीच्या शंका हे त्या चर्चेतील प्रमुख मुद्दे होते. जुन्या क्षेत्रांतील वाढीव उत्पादन मोजायचे कसे आणि ते तपासायचे कोणी, हा प्रश्न मात्र आजही मोकळाच आहे.

दुसरा प्रश्न शेवटाचा. विहीर बंद करणे, फलाट उतरवणे, नळ साफ करणे यांचा खर्च उत्पादन संपल्यानंतर येतो. म्हणजे उत्पन्न नसताना येतो. कॅलिफोर्नियाने लाँग बीचसाठी वेगळा निधी उभारला. त्याला 30 कोटी डॉलरची मर्यादा घातली आणि दायित्व त्याहून मोठे असल्याचे पुढे स्पष्ट झाले. आपल्याकडे 1999 पासून क्षेत्र पुनर्स्थापना निधीची योजना आहे, ओएनजीसीच्या ताळेबंदातही तरतूद दाखवली जाते. तथापि, क्षेत्राचे आयुष्य वाढवण्याच्या प्रत्येक निर्णयाबरोबर हा खर्चही पुढे सरकतो. जुन्या सामग्रीची जोखीम वेगळीच. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हाय उत्तर फलाटावरील आगीत 22 जणांचा बळी गेला. एक जहाज फलाटावर आदळून लागलेल्या त्या आगीने काही तासांत अख्खा फलाट समुद्रात गेला होता.

यावर उपाय दुष्प्राप्य नाहीत. पेट्रोलियम व नैसर्गिक वायूविषयक संसदीय स्थायी समितीपुढे आधाररेषा, दरवर्षीचे प्रत्यक्ष उत्पादन आणि सेवा पुरवठादाराला दिलेला मोबदला एकत्र ठेवता येईल. विहिरी बंद करण्याच्या खर्चाचा क्षेत्रनिहाय अंदाज त्याच अहवालात देता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. स्वामित्वधनातील वाट्याची मागणी महाराष्ट्राने करावी की नाही, हा राजकारणाचा भाग झाला. परंतु किनाऱ्यावर तेलाचा तवंग आला किंवा फलाटावर पुन्हा दुर्घटना घडली, तर पहिली झळ उरण, अलिबाग आणि मुंबईच्या कोळीवाड्यांना बसेल. दहा वर्षांच्या या कराराचा हिशेब त्यांच्या प्रतिनिधींनी पहिल्या वर्षापासून मागितला पाहिजे. करार संपल्यावर विचारण्याजोगे फारसे उरलेले नसेल.