गाडी थरथरते? आधी रबर पाहा!

मैत्रिणींनो, मिक्सरच्या तळाचे रबरी पाय झिजले की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. चटणी वाटताना तो ओट्यावर नाचू लागतो. मोटर मात्र ठणठणीत असते. गाडीचंही अगदी तसंच आहे बरं का!

जांब्याहून शाळेत शिकवायला जाताना आमची गाडी चौकात थांबली, की स्टिअरिंग हातात थरथरायचं. गाडी चालू लागली की थरथर कमी. पण गिअर बदलताना खालून 'खट्' असा आवाज यायचा. ''जुनी गाडी, असंच चालायचं,'' असं आमच्या ह्यांचं मत! एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, मग क्लचवर खर्च झाला. थरथर कायम. अखेर एका जुन्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून दाखवलं, इंजिनाला आधार देणारं रबर फाटलं होतं.

इंजिन सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. रबर आणि लोखंड जोडून केलेल्या तीन-चार ठोकळ्यांवर ते टेकलेलं असतं. गॅरेजमध्ये त्यांना माउंटिंग किंवा फाउंडेशन म्हणतात. १९३१ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीत रबरी आधाराची ही युक्ती वापरून मोठा गाजावाजा केला होता. पण रबर ते रबरच! उष्णतेने आणि वयाने ते तडकतं, वर तेल गळत राहिलं तर मऊ पडून फुगतं. एक गेलं की उरलेल्यांवर भार येतो. तसंच दामटलं तर नळ्या आणि वायरी ताणल्या जातात आणि पाचशेचं काम पाच हजारांवर जातं.

घरच्या घरी अशी परीक्षा करा. इंजिन थंड असताना विजेरीने रबर पाहा. भेगा, लोखंडापासून सुटलेला भाग, दबून बसलेला ठोकळा लगेच दिसतो. काही ठोकळ्यांत द्रव असतो. तो गळाला तर काळपट ओल दिसते.

दुसरी परीक्षा गाडी चालवता येणाऱ्या दोघांनी करावी. मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक ओढा आणि पायाचा ब्रेक दाबून ठेवा. पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडून गाडी ओढ घेऊ लागताच पुन्हा दाबा. मग रिव्हर्समध्ये तेच करा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन पाहावं. गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं राहू नये. इंजिन थोडं हलणारच, पण उसळी मारून आपटलं तर रबर गेलं समजा. पदर, ओढणी, बांगड्या मात्र पंख्यापासून दूर ठेवा हं!

बदलण्याचं काम मिस्त्रींचंच. पण लक्ष आपलं हवं. इंजिनाला खालून जॅक लावताना मध्ये लाकडी ठोकळा ठेवायला सांगा, नाहीतर तेलाची टाकी चेपते. एका वेळी एकच माउंटिंग काढावं. नवं बसल्यावर इंजिन नीट टेकू द्यावं आणि मगच बोल्ट पक्के आवळावेत. तेलगळती असेल तर ती आधी बंद करावी, नाहीतर नवं रबरही लवकर जाईल. आणि हो, जुना भाग मागून घ्यायला विसरू नका.

आमचं फाटलेलं रबर मी ह्यांच्या पुढ्यातच ठेवलं. तेव्हापासून गाडीतला कुठलाही आवाज आला, की हे आधी मला विचारतात!