नऊ जन्मली, सहा हयात

आमची एक भाची डब्लिनमध्ये इस्पितळात नोकरी करते. तिच्या शेजारी एक आयरिश बाई एकट्या राहतात. वय एक्याऐंशी, मुले परदेशी, नजर अधू. भाची सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे चहाला जाते, आलेली पत्रे वाचून दाखवते. गेल्या हिवाळ्यात बाईंनी तिला एक काम सांगितले : माझ्या आजीचे माहेर शोधून दे. आजी मेयो काउंटीतली, शेतकऱ्याची मुलगी, जन्म १८९० च्या आसपास, आणि तिच्या एका भावाचे नाव जरा वेगळे, सहसा कानावर न येणारे होते. बाईंना एवढेच ठाऊक. आजी आपल्या लहानपणाबद्दल बोलत नसे, आणि ती होती तेव्हा विचारायचे कुणाला सुचले नाही.

भाचीने काम अंगावर घेतले आणि आम्हालाही त्यात ओढले. दर रविवारी तिचा फोन. "मामू, आज काय सापडलं सांगू?" कुठला मेयो आणि कुठले आम्ही, पण पुढच्या रविवारची वाट पाहू लागलो हे खरे.

आपल्याकडे जनगणनेत घरोघरची माहिती गुप्त राहते, बाहेर येतात ते आकडे. आयर्लंडमध्ये मात्र १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणनांचे मूळ फॉर्म, कुटुंबप्रमुखाच्या हाताने भरलेले, जसेच्या तसे राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर ठेवले आहेत. पैसे पडत नाहीत. फॉर्म काही दिवस आधी घरी दिला जाई. रविवारी रात्री घरात जो कोणी झोपला असेल त्याचे नाव त्यात लिहायचे आणि नंतर तो गोळा करायला बहुधा पोलीसच येई. १९०१ साली ती रात्र ३१ मार्चची होती, १९११ साली २ एप्रिलची. नाव, नाते, धर्म, वाचता-लिहिता येते का, वय, धंदा, लग्न, जन्म कुठला, आयरिश भाषा येते का, असे रकाने. शेवटी एक रकाना असा, की आज वाचताना अंगावर काटा येतो : घरात कोणी मुका-बहिरा, आंधळा किंवा वेडा आहे काय. घराचा फॉर्म वेगळा. भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर स्लेटचे की गवताचे, खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती. या सगळ्याला गुण देऊन घराचा वर्ग ठरवत.

नुसते आडनाव टाकून शोधले तर त्या एका काउंटीतच शेकडो माणसे येतात. नावेही तीच ती, मेरी, ब्रिजेट, पॅट्रिक, जॉन. शिवाय आडनावापुढचे 'ओ' किंवा 'मॅक' एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. इंग्रजी कारकुनाने आयरिश नाव कानाला ऐकू आले तसे लिहिलेले, आणि आजच्या माणसाने जुने अक्षर चुकीचे वाचून सूचीत घातलेले. आपल्याकडे एकाच घरात शेख, शेक आणि शैख अशी तीन आधार कार्डे असतात, त्यामुळे आम्हाला याचे नवल वाटले नाही. भाचीने शेवटी आजीला शोधणे सोडले आणि त्या वेगळ्या नावाच्या भावाला शोधले. तीन आठवड्यांनी १९०१ च्या एका फॉर्मवर तो सापडला, सहा वर्षांचा. त्याच्या वर बहीण, वय अकरा. हीच ती आजी.

घर दगडी भिंतींचे, गवताने शाकारलेले. नवरा-बायको, चार मुले आणि मुलांचे आजोबा. भाषेच्या रकान्यात आजोबा, आई आणि बाप तिघांपुढे 'आयरिश व इंग्रजी' आणि चारही मुलांपुढे फक्त इंग्रजी. एका छपराखाली एक भाषा संपत आली होती. संपवायची असे कोणी ठरवले नसेल, पण फॉर्मवर ते स्वच्छ दिसते.

मग भाचीने १९११ चा फॉर्म काढला, आणि पहिली गंमत आजोबांची. १९०१ साली त्यांचे वय ६२. दहा वर्षांनी ७५! आम्ही म्हटले माणूस दुसरा असेल. तसे नव्हते. १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि जानेवारी १९०९ पासून सत्तर पूर्ण झालेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागली. आता सत्तरीचा पुरावा काय? आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १ जानेवारी १८६४ ला. म्हणजे त्या वेळच्या कोणत्याही म्हाताऱ्याकडे जन्माचा दाखला असणेच शक्य नव्हते. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आले होते, त्याला तिकडे 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणतात. ती रात्र मला आठवते, असे सांगून अनेकांनी आपले वय सिद्ध केले. काहींनी तर त्या वर्षीच्या जनगणनेतच वय वाढवून लिहिले. आजोबांचे खरे वय कोणते? कदाचित दोन्ही नाही. आपल्यातल्या कितीतरी बुजुर्गांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे, त्यामुळे आम्ही त्यांना खोटारडे म्हणणार नाही.

पण खरी गोष्ट त्याच फॉर्मवर दोन रकाने पुढे होती. १९११ साली प्रथमच विवाहित स्त्रियांना विचारले गेले : लग्नाला किती वर्षे झाली, मुले जिवंत जन्मली किती, त्यांपैकी हयात किती. हा प्रश्न विधवांसाठी नव्हता, तरी पुष्कळ विधवांनी तो भरला, आणि अधिकाऱ्याने रेघ मारून खोडला. खोडलेले आकडे आजही वाचता येतात. आजीच्या आईपुढे लिहिले होते : २१ वर्षे, ९, ६.

भाचीने ते वाचून दाखवले तेव्हा बाई म्हणाल्या, "नऊ नाही, सहाच होती." आजीची पाच भावंडे त्यांना कोणाकडून तरी ऐकून माहीत होती. त्या घरात आणखी तीन मुले जन्मली आणि गेली हे बाईंना कोणी सांगितले नव्हते. १९०१ चा फॉर्म पुन्हा काढला तेव्हा लक्षात आले की मुलांची वये ११, ९, ६ आणि १ अशी होती. नऊ आणि सहा यांच्यात एक फट, सहा आणि एक यांच्यात दुसरी, मोठी.

इथून जनगणना संपते आणि जन्म-मृत्यूच्या वह्या सुरू होतात. कॅथलिकेतरांची लग्ने सरकारी वहीत १८४५ पासून आहेत, बाकी सर्वांचे जन्म, मृत्यू आणि लग्ने १८६४ पासून. १०० वर्षांहून जुने जन्म, ७५ वर्षांहून जुनी लग्ने आणि ५० वर्षांहून जुने मृत्यू यांची पाने सरकारच्या आयरिश जिनिऑलॉजी या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. प्रत्येक वहीचा स्वभाव वेगळा. लग्नाच्या वहीत वधू-वरांच्या बापांची नावे आणि धंदे असतात, आयांचा पत्ता नाही. मृत्यूच्या वहीत नाव, वय, कारण आणि खबर देणारा, पण मेलेल्या माणसाच्या आई-बापासाठी रकानाच नाही. जन्माच्या वहीत मात्र आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट लिहिलेले असते. म्हणून शोध घेणारा जन्माच्या वहीवर जीव टाकतो. त्यातही एक गोम आहे. जन्म ४२ दिवसांत नोंदवायचा असे, उशीर झाला तर भुर्दंड. मग बाप जन्मतारीख थोडी पुढे सरकवून सांगे. परिणामी अनेक मुलांचा चर्चमधला बाप्तिस्मा आधी आणि सरकारी जन्म नंतर, असे चमत्कार सापडतात.

याच सुमारास भाचीने आम्हाला सहज विचारले, "मामू, नानीच्या अम्मीचं नाव काय होतं?" म्हणजे आमच्याच नानीचे नाव. आम्ही गप्प. आमच्या घरात खानदानाचा शजरा आहे, सात पिढ्यांचा, सुरेख अक्षरातला. त्यात बाप आणि मुलगे आहेत. बाई एकही नाही. आम्ही तिला लहानपणी 'नानी'च म्हणत आलो, शेजारी 'अमक्याची अम्मी' म्हणत. तीन फोन केले तेव्हा धाकट्या खालाकडून नाव कळले, आणि खाला म्हणाली, "इतक्या वर्षांनी तुला हे कशाला हवं?"

असो. मेयोकडे वळू. १८९० च्या दशकातल्या सूचीत आईचे माहेरचे आडनाव दिसत नाही. त्यामुळे त्या आडनावाचा त्या भागातला प्रत्येक जन्म एकेक पान उघडून पाहावा लागतो, आई तीच आहे का ते. भाचीने रात्रपाळीनंतर हे काम केले. पहिला मुलगा सापडला तो ९ आणि ६ च्या मधला. मग त्याच नावाने मृत्यूची वही. वय दोन वर्षे. धंद्याच्या रकान्यात 'शेतकऱ्याचा मुलगा'. कारण डांग्या खोकला, आणि पुढे एक शब्द, ज्याचा अर्थ असा की डॉक्टरचा दाखला नाही. म्हणजे डॉक्टर आलाच नसावा. खबर देणारा बाप, मृत्यूसमयी हजर, सहीच्या जागी फुली. दुसरी एक मुलगी, अकरा दिवसांची. ती मोठ्या फटीतली. तिचे नाव आजीच्या आईचेच.

बाईंनी ती दोन नावे दोनतीनदा म्हणून पाहिली, असे भाची सांगते. मग त्या म्हणाल्या, "आजीला हे दोघे आठवत असणार." मुलगा गेला तेव्हा आजी पाच-सहा वर्षांची होती.

आणखी मागे जाता येते का? फारसे नाही. इथे एक गैरसमज आहे. आयर्लंडचे जुने कागद १९२२ च्या आगीत जळाले असे सरसकट म्हणतात. आग लागली हे खरे. यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट झाला, लगतचे सरकारी दफ्तरखाने जळाले आणि शेकडो वर्षांचे कागद राख होऊन शहरभर उडाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या जनगणनांचे बहुतेक फॉर्म त्यात गेले. पण १८६१ आणि १८७१ चे फॉर्म आकडे काढून झाल्यावर सरकारने स्वतःच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेले. चार जनगणना आगीने नेल्या आणि चार कारकुनी हुकमाने. आम्हाला दुसऱ्या प्रकारचा राग अधिक येतो.

या नाहीशा झालेल्या कागदांत आपल्या ओळखीचाही एक माणूस होता. अवधचे मीर औलाद अली १८६१ पासून १८९८ पर्यंत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात अरबी, फारसी आणि हिंदुस्तानी शिकवत. धर्माच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने काय लिहिले असेल, ते आता कधीच कळणार नाही. १९०१ पर्यंत ते राहिले नाहीत.

मेयोतल्या त्या आजोबांचे आई-बाप दुष्काळातले. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती, १८५१ साली ६५ लाख. मृत्यूची सरकारी वही मात्र उघडली १८६४ साली. त्या आधीच्या काळासाठी शेतसाऱ्याच्या याद्या आहेत. ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ या काळात केलेल्या मोजणीच्या वह्या आहेत. पण त्यांत जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव, बायका-मुले नाहीत. चर्चच्या वह्या गावोगाव राहिल्या म्हणून वाचल्या, तरी पश्चिमेकडच्या गरीब भागात त्या उशिरा सुरू होतात.

एक चोरवाट आहे. १९०९ नंतर पेन्शनच्या अर्जांसाठी कारकुनांनी १८४१ आणि १८५१ च्या फॉर्ममध्ये नावे शोधली आणि काय सापडले ते चिठ्ठ्यांवर लिहिले. फॉर्म जळाले, चिठ्ठ्या वाचल्या. म्हाताऱ्यांनी वयाचा पुरावा मागितला म्हणून जळालेल्या जनगणनेचे काही तुकडे हाती आहेत. आजीच्या आजोबांची चिठ्ठी भाचीला मिळाली नाही.

पुढची जनगणना १८ एप्रिल १९२६ ची. १९२१ साली स्वातंत्र्ययुद्धामुळे ती झालीच नव्हती. शंभर वर्षांच्या नियमाने १९२६ चे फॉर्म २०२६ च्या एप्रिलमध्ये खुले होतात. त्यात बाईंची आई दहा-अकरा वर्षांची असेल. त्याकडे बाईंचे डोळे लागले आहेत.

तिसरे मूल अजून सापडलेले नाही. जन्माच्या वहीत नाही, मृत्यूच्याही नाही. कदाचित नोंदवलेच नसेल, कदाचित आडनाव भलतेच लिहिले असेल, किंवा आई बाळंतपणाला माहेरी गेली असेल आणि नोंद तिकडच्या हद्दीत झाली असेल. माहेर शेजारच्या भागातले होते हे लग्नाच्या वहीवरून कळले आहे. भाचीने बाईंसाठी भावंडांची यादी मोठ्या अक्षरात लिहून दिली आहे. आठ नावे लिहिली आणि नववा आकडा घालून पुढची जागा कोरी ठेवली. आता रविवारी ती त्या शेजारच्या भागाची पाने उघडते आहे. १८९६ पर्यंत आली आहे.