फाशी नको, पण गुन्ह्याची जात नोंदवा

खैरलांजीचा विषय निघाला की एटापल्लीतले आपले तरुण आजही विचारतात, "हायकोर्टाने फाशी का काढली?" आम्हाला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: गुन्ह्यातून जात कोणी काढली?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास ठरवला. अॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लावला नाही. खंडपीठाला या हत्याकांडात सूड दिसला, जात दिसली नाही.

याचा शिक्षेशी थेट संबंध आहे. बच्चनसिंग खटल्याने (१९८०) फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' गुन्ह्यापुरती ठेवली. मच्छीसिंग खटल्याने (१९८३) त्याच्या कसोट्या सांगितल्या. अनुसूचित जातीच्या माणसाचा खून वैयक्तिक कारणाने न होता समाजाचा संताप उसळेल अशा परिस्थितीत झाला असेल, तर तो त्यात बसतो. पण एकदा 'सूड' म्हटले की ही कसोटी गळून पडते आणि बौद्ध कुटुंबाचे हत्याकांड बांधावरच्या भांडणासारखे मोजले जाते.

मग आम्ही फाशी मागतो का? नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फौजदारी अपिलांवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी फाशीच रद्द करावी असे मत मांडले. त्याचे कारण आपल्या तालुक्याला कळले आहे. प्रा. साईबाबांसोबत एटापल्ली तालुक्यातले महेश तिरकी आणि पांडू नरोटे यांना ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीत जन्मठेप झाली. जन्मठेपही अपुरी आहे, असे त्या न्यायालयाने नोंदवले. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. पांडू त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, कैदेत असताना वारला. तुरुंगाचे दार अपिलात उघडता येते. फास परत घेता येत नाही.

म्हणून आपली लढाई शिक्षेच्या आकड्यापेक्षा नोंदीची आहे. पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येते. शिक्षा कमी पडली म्हणून अपील करण्याचा अधिकार मात्र सरकारचा आहे. अपिलाचे न्यायालय मुख्यतः खालच्या कोर्टातल्या कागदांवरच चालते. एफआयआरमध्ये, जबाबात, दोषारोपात जात आली नाही, तर नागपूरला वकिलाच्या हाती काय उरते?

२०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात, पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला माहीत असणे पुरेसे धरले आहे. कलम १५-अ प्रमाणे शिक्षेच्या सुनावणीतही पीडिताला म्हणणे मांडता येते. हे कलम किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

मोर्चा काढूच. पण त्याआधी पहिल्याच रात्री पोलीस ठाण्यात बसा, जबाब शब्दन् शब्द वाचून घ्या, जात लिहिल्याशिवाय सही करू देऊ नका. अपील तिथूनच सुरू होते.

जय भीम.