खंदकामागचा विभंग

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील सागाइंग विभंग हलला. मॅग्निट्यूड ७.७. आपल्याकडची बहुतेक टिपणे त्याला ‘म्यानमारचा विभंग’ म्हणून मोकळी झाली. त्याचे नाते थेट सुंदा खंदकाशी आहे, हे सांगायचे राहून गेले.

जावापुढे भूपट्ट खंदकात जवळजवळ काटकोनात शिरतो. सुमात्रापाशी खंदक वळतो, भूपट्टाच्या गतीची दिशा मात्र फारशी बदलत नाही, आणि अधोगमन तिरकस होते. वर्षाला ५० मिमी गती ४५ अंशांत आली, तर ३५ मिमी खंदकाला लंब आणि ३५ मिमी समांतर. मंद उताराच्या पृष्ठावर तिरपे घसरण्यापेक्षा सरळ खाली घसरावे आणि आडवी सरक मागच्या उभ्या विभंगावर सोपवावी, यात घर्षण कमी पडते; फिच यांनी १९७२ सालीच ही मांडणी केली. ज्वालामुखींच्या रांगेखालचे कवच तापून दुबळे झालेले असते. सुमारे १९०० किमीचा सुमात्रा विभंग तीच रांग धरून जातो, यात नवल नाही.

१८९२ मध्ये म्युलर हे डच सर्वेक्षक सुमात्रात त्रिकोणीकरण करत असतानाच याच विभंगावर टापानुलीचा भूकंप झाला. सर्वेक्षणाचे खांब पुन्हा मोजले, तर काही जागचे सरकलेले! सान फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर प्रत्यास्थ प्रतिक्षेपाचा सिद्धांत मांडणाऱ्या रीड यांनी १९१३ मध्ये हीच मोजणी पुन्हा तपासली. म्हणजे या विभंगाची सरक माणसाने खंदकाचा सिद्धांत येण्याच्या कितीतरी आधी मोजली होती.

अंदमानकडे खंदक आणखी वळतो, आणि भारतीय भूपट्टाची गती त्याला जवळपास समांतर होते. दक्षिणेकडची आडवी सरक अंदमान समुद्रातल्या प्रसरण केंद्रातून उत्तरेला सागाइंगकडे जाते.

२००४ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर आपले लक्ष खंदकावर खिळले, ते साहजिकच होते. पण धोक्याच्या गणितात अंदमानच्या खंदकामागचा विभंग अजून तळटीपेतच असतो. अडचण खरी आहे: आपली जीपीएस केंद्रे ज्या बेटांवर आहेत, त्यांतली बहुतेक विभंगाच्या पश्चिमेलाच आहेत, आणि पूर्वेला पाणी. एकाच काठावरून सरकीचा वेग ठरवता येत नाही. समुद्रतळावरची भूमापन केंद्रे खर्चिक आहेत, तरी जपानने नानकाई खंदकाजवळ ती बसवली. अंदमानसाठी तशी मागणी करणारे प्रस्ताव आपल्यापैकीच कुणीतरी लिहायला हवेत, आणि तोवर निदान भूकंपधोक्याच्या अहवालांत या विभंगाला स्वतंत्र स्रोत म्हणून जागा द्यावी.