ईदचा कपडा उलटा करून पाहावा

रमजानचा दुसरा अशरा सरत आला की गावोगावच्या बाजारपेठांचे घड्याळ बदलते. दिवसभर मंद असलेली कापडगल्ली इफ्तारनंतर जागी होते आणि तरावीहची नमाज आटोपली की पाय ठेवायला जागा उरत नाही. दुकानाच्या गादीवर आई, दोन मुली आणि सोबत आलेली शेजारीण बसलेली असते. मुलगी मोबाइल पुढे करते. त्यात एका नामवंत डिझायनरचा शरारा असतो, किंमत लाखाच्या घरात. दुकानदार फोटोकडे एक नजर टाकतो, नोकराला वरच्या फळीकडे बोट दाखवतो आणि मिनिटभरात तोच रंग, तसाच काठ, तशीच बुट्टी गादीवर पसरली जाते. ‘हजार-बाराशेत बसवा भाई,’ असे आई म्हणते आणि घासाघीस सुरू होते.

या दृश्याला नावे ठेवणारे दोन प्रकारचे लोक असतात. एकांना ती नक्कल वाटते, स्वस्तातली मिरवणूक वाटते. दुसरे म्हणतात, हा इबादतीचा महिना, त्यात कपड्यांचे एवढे वेड कशाला? दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण त्या गादीवर बसलेल्या आईकडे दोघांचेही लक्ष नाही. वर्षभर शिलाई, भिशी, घरखर्चातून वाचवलेले पैसे घेऊन ती आलेली असते. ईदच्या दिवशी आपल्याकडचा चांगला पोशाख घालावा, ही पैगंबर साहेबांपासून चालत आलेली रीत आहे. इस्लामला मान्य नाही ती उधळपट्टी. हजार रुपयांत मुलीला मनासारखा जोडा मिळत असेल, तर त्याला उधळपट्टी म्हणता येत नाही.

उंची पोशाखाची ढब स्वस्तात देणे हा चोरीछुपे चालणारा धंदाही राहिलेला नाही. कार्ल लागरफेल्ड या बड्या डिझायनरने 2004 मध्ये एच अँड एम या साखळी दुकानांसाठी कपडे काढले आणि तेव्हापासून मोठी नावे सामान्य गिऱ्हाइकाच्या रांगेत येऊ लागली. 2021 मध्ये सब्यसाची मुखर्जींनी त्याच कंपनीसाठी कपडे काढले, ते झटपट संपले. आता टाटा समूहाचे झुडिओ जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत पोहोचले आहे. तिथे हिजाब घातलेली मुलगी आणि टिकली लावलेली तिची वर्गमैत्रीण एकाच हँगरवरची कुर्ती ओढतात. कपड्यावरून घरची ऐपत ओळखण्याची जुनी सवय त्यामुळे थोडी तरी मोडली, हे चांगलेच झाले.

राहिला नकलेचा प्रश्न. कोणी कोणाची नक्कल केली, हे एकदा नीट पाहायला हवे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने जी चप्पल दाखवली, ती कोल्हापुरीच होती, हे इथल्या शाळकरी पोरानेही सांगितले असते. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरी मंचावर ना कोल्हापूरचे नाव होते, ना चर्मकाराचे. ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. सब्यसाचींच्या त्या कपड्यांवरही राजस्थानातील सांगानेरी छापांची आठवण देणारी नक्षी होती. तेव्हा हस्तकला क्षेत्रातील संस्थांनी उघड पत्र लिहून विचारले होते, की यातून छिप्यांच्या हाताला काम काय मिळाले? मुंबईच्या कारखान्यांत अड्ड्यावर बसून जरदोजी करणाऱ्या कारागिरांची गोष्ट अशीच. त्यांचे काम पॅरिसच्या बड्या घराण्यांच्या कपड्यांवर जाते. 30 मार्च 2023 रोजी दिओर कंपनीने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला शो केला, तो याच मुंबईच्या भरतकामाला मान देण्यासाठी. मग बाजारातल्या बाराशेच्या जोड्याला एकट्यालाच ‘नकली’ म्हणून हिणवण्यात काय अर्थ आहे?

दोष नकलेत फारसा नाही. दोष आहे तो खोटे सांगून विकण्यात. ईदच्या बाजारात ‘पाकिस्तानी सूट’ला मोठी मागणी असते. दुकानदार आवाज खाली करून ‘ओरिजिनल लॉन आहे’ असे सांगतो. भारताने मे 2025 मध्ये पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर बंदी घातली. त्याआधी 2019 पासूनच त्या मालावर 200 टक्के आयातशुल्क होते. तेव्हा या नावाचे जे गठ्ठे गल्लीत उतरतात, त्यांतले बहुतेक सुरतेचे. ‘आलिया कट’ला जसे त्या नटीचे नाव चिकटले आहे, तसेच हे कापडाला चिकटलेले नाव. सुरतेचा माल वाईट असतो असे मुळीच नाही. पण सुरतेचा म्हणून घ्यावा, सुरतेच्या भावात घ्यावा. शिवाय लॉन म्हणजे पातळ सुती कापड. त्या नावाखाली पॉलिस्टर मिळाले, तर उन्हाळ्यात ते अंगाला चिकटते. कडेचा एक धागा काढून जाळला की कळते. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होतो; पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याची कडक गोळी होते.

हीच गोष्ट शेजारच्या घरातल्या लग्नसराईलाही लागू आहे. तिथे ‘सेमी पैठणी’ असते. अस्सल पैठणी हातमागावर विणायला महिने जातात, तिची किंमत प्रत्येक घराला झेपणारी नाही. म्हणून यंत्रावरची सेमी पैठणी घेतली तर त्यात लाज कसली? मात्र तिला येवल्याची हातमागाची म्हणून कोणी विकत असेल, तर पदर उलटा करून पाहावा. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या पदराला मागे सुटे, कापलेले धागे असतात. लखनवी चिकनचेही तसेच. हाताने भरलेल्या कुर्त्याच्या मागे गाठी सापडतात, टाके थोडे लहान-मोठे असतात. यंत्राचे भरतकाम मागूनही एकसारखे, शिस्तीत असते. पाहायला एक मिनिट लागते आणि फसवणूक टळते.

या उलटी बाजू पाहण्याला पैगंबर साहेबांच्या आयुष्यातला एक दाखला आहे. बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वरून रास कोरडी, आत भिजलेली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले, मग भिजलेले वर का नाही ठेवले, लोकांना दिसले असते? फसवणारा आमच्यातला नव्हे, असेही त्यांनी बजावले. ज्या दुकानदाराने दिवसभर रोजा राखला आहे, त्याला रात्री यंत्राच्या कामाला हातकाम म्हणून विकताना ही ओली रास आठवायला हवी. भुकेचा आणि तहानेचा रोजा संध्याकाळी सुटतो. जिभेचा आणि तराजूचा सुटत नाही.

पण कपड्याला आणखी एक उलटी बाजू आहे आणि ती पाहण्याची पाळी गिऱ्हाइकाची आहे. ती म्हणजे शिवणारा हात. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे 1100 हून अधिक कामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. स्वस्त कपड्याची किंमत कुठेतरी कोणीतरी भरत असतो, हे त्या दिवशी जगाला कळले. ढाका लांब आहे; पण गल्लीतला टेलर मास्टर लांब नाही. रेडीमेडच्या लाटेत त्याच्याकडची मापे वर्षाला कमी होत आहेत. रमजानचे वीस-पंचवीस दिवस हीच त्याची सुगी. तो रोजा मशीनवरच काढतो, सहेरीपर्यंत मशीन चालवतो. आणि साखळी दुकानात लेबलवरचा आकडा मुकाट्याने भरणारे लोक त्याच्या शिलाईतले मात्र पन्नास रुपये कापायला बघतात. काहींचे तर ‘ईद होऊ द्या, मग देतो’ असे असते. त्याच्या घरीही ईद आहे, त्याच्याही मुलांना चांद रातीला चपला हव्या असतात, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण मशिदीत ऐकून माना डोलवणारे पुष्कळ आहेत. ती पाळण्याची सर्वांत सोपी जागा टेलरचे दुकान आहे. जोडा हातात पडला की पैसे त्याच्या हातात पडावेत, आणि घासाघीस करायचीच तर ती कापडाच्या भावात करावी, शिलाईत नको.

खरेदीचा हिशेबही थोडा वेगळा मांडून पाहावा. आठशेचा चमकदार जोडा ईदला एकदा घालून दुसऱ्या धुण्यात विटला, तर त्याची एक वापरणी आठशेला पडली. पंधराशेचा साधा, चांगल्या सुती कापडाचा जोडा ईदला, चुलत बहिणीच्या लग्नाला, कॉलेजच्या गॅदरिंगला, असा तीस वेळा अंगावर आला, तर एक वापरणी पन्नास रुपयांची झाली. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी पाच टक्केच आहे, त्यावर मात्र अठरा टक्के. तेव्हा बिल मागून घ्यावे आणि पाहावे. वाढत्या मुलांचे कपडे शिवताना टेलरला आत माया सोडायला सांगावे. शिवणकामात शिलाईच्या आत राखलेल्या जादा कापडाला मराठीने ‘माया’ म्हटले आहे. पुढच्या ईदला ती उसवून कपडा सैल करता येतो.

शेवटचा मुद्दा देण्याचा. सदका-ए-फित्र ईदच्या नमाजेआधी द्यायचा असतो, तो गरिबालाही त्या दिवशी ईद साजरी करता यावी म्हणून. पण दान म्हणून जुने, विटलेले कपडे पिशवीत भरून देण्याची सवय वाढते आहे. घरच्या तीन मुलांसाठी तीन जोडे घेताना त्याच दुकानातून, त्याच गठ्ठ्यातून, त्याच किमतीचा चौथा जोडा एखाद्या यतीम मुलासाठी घेता येतो. आजच्या स्वस्त बाजाराने ही सोय नक्कीच करून दिली आहे. ईदगाहच्या मैदानात त्या चौघांना रांगेत उभे केले, तर कोणता जोडा दिलेला आहे, हे कोणालाही ओळखता येऊ नये.